तहानलेल्या वैद्यबाई

वैद्यबाईंना कायम तहान लागलेली असायची. खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी किराणा दुकानामागच्या खोलीत त्या पेशंट तपासायच्या, आणि समोरच्याचं नाव विचारायच्या आधी म्हणायच्या, "अहो, जरा पाणी द्या ना." कोपऱ्यात माठ, माठावर स्टीलचा पेला. आलेला माणूस उठायचा. टॉवेलखाली किंवा पदराखाली लपवलेला हात बाहेर काढायचा, कारण हात लपवून माठातलं पाणी काढता येत नाही. पेला भरून द्यायचा. बाई पेल्याला तोंड लावून दोन घोट प्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता सांगा. नाव काय?" बाजारात त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. 'ती तान लागलेली डागदरीण' म्हटलं की भाजीवाली बोटानं दार दाखवायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मोखाड्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आले होते, अंगाची आग होत होती, आणि ही बाई मला पाणी मागते. मी तहसील कचेरीत क्लार्क, लोक मला पाणी आणून देतात. तरी उठले. लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं, पण बोटांच्या पेरांवरचे चट्टे कुठं झाकणार? दार सताड उघडं होतं आणि बाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं माझ्या बोटांकडे बघत होती. बाई मात्र पाणी प्यायल्या, माझा हात धरून उजेडाकडे नेला, चट्ट्यावरून आपला उघडा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "सोरायसिस. खाज फार आहे का? रात्री जास्त?" इतक्या दिवसांत माझ्या चट्ट्याला कुणी हात लावला नव्हता. मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम कसं आलं ते मला अजून सांगता येत नाही.

हे दुखणं घेऊन मी किती दारं पुजली होती म्हणून सांगू! आधी कोपरावर पावलीएवढा लाल डाग आला. मग त्यावर चंदेरी पापुद्रे धरायला लागले. मग दुसरं कोपर, गुडघे, कानामागं, डोक्यात. कचेरीत काळ्या टेबलावर वाकून काम करायचे तर टेबलावर कोंड्यासारखा भुगा पडायचा, आणि मी तो कुणी यायच्या आत हातानं पुसायचे. साखरशेतला घरी गेले की आई भगताकडे न्यायची. भगतानं सुपात तांदूळ टाकून कुणाची तरी नजर काढली. जव्हारच्या एका दुकानातून कसलंसं मलम आणलं, ते चोळलं. एका जागी बसवत नव्हतं, एका औषधावर टिकवत नव्हतं. आज हे, उद्या ते. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा तर मी नाशिकला एका लॉजवर बसणाऱ्या माणसाकडून 'मुळासकट काढतो' म्हणून दिलेली पांढरी पूड घेऊन आले. आणि काय सांगू, चट्टे गेले! लग्नात मी अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घालून नाचले. पूड संपत आली तशी महिन्याच्या आत सगळं परत आलं, दुपटीनं आलं, पाठीवर कधी नव्हतं तिथंही आलं.

हे सगळं ऐकताना वैद्यबाई खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. त्या कधी बसायच्याच नाहीत. खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. खिडकीशी जायच्या, दाराशी यायच्या, पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या. मला वाटलं, यांचं लक्ष नाही. पण पुडीचं नाव निघालं तशा थबकल्या. "त्यात आयुर्वेद औषधालाही नसणार," त्या म्हणाल्या. "माझ्या अंदाजानं स्टेरॉईड घातलेलं असणार. आधी सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा, यकृत ठीक आहे का बघा. ते काय सांगतात ते मला आणून सांगा. मग मी औषध सुरू करते." मी म्हटलं, "मी तुमच्याकडे आलेय आणि तुम्ही मला दुसरीकडं पाठवताय?" त्यावर म्हणाल्या, "क्लार्कबाई, कचेरीत लोकांना तुम्ही किती टेबलं फिरवता? आज आपण फिरा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गेले.

तपासण्या करून परत आले तेव्हा त्यांनी मला दुखणं समजावून सांगितलं, तेही फिरत फिरत. "कातडी रोज नवी होत असते. खालून नवी येते, वरची जुनी गळून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या कातडीला काही ठिकाणी घाई झालीय. जुनी गळायच्या आत नवी वर येऊन बसते, म्हणून हे थर. शरीराचा राखणदार बिथरलाय, चोर नसताना काठी चालवतोय. जंतू नाही, घाण नाही, कुणी काही केलेलं नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही." मी विचारलं, "बरं कधी होईल?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला होता आणि सगळ्यांनी मला तारीख दिली होती. बाई म्हणाल्या, "जाणार नाही. गप्प बसेल. वर्षानुवर्षं गप्प बसू शकतं. गप्प बसलं की त्याला उठवायचं नाही, एवढंच तुमचं माझं काम." मी पर्स उचलून तरातरा बाहेर पडले आणि बाजाराच्या टोकापर्यंत गेले. नागलीच्या पिठाच्या ढिगाशी उभी राहून पाच मिनिटं नुसती धुमसत होते. मग परत आले. त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "या, घाईबाई."

तेव्हापासून मी त्यांची घाईबाई झाले. मी एकदा चिडून म्हटलं, "घाई तर तुम्हालाच आहे, तुम्ही कुठं बसता?" त्या हसल्या. "माझी घाई पायात आहे, तुमची कातडीत. पायातली परवडते."

त्यांनी पहिल्यांदा माझं ताट आवरलं. सुकट बंद, लोणचं बंद, रात्रीचं दही बंद, दूध आणि मासळी एका जेवणात नाही. सुकट बंद म्हणजे माझं जगणंच बंद. नागलीच्या भाकरीबरोबर सुकटाची चटणी नाही तर भाकरी कशाशी खायची? "पेजेशी," त्या म्हणाल्या. मग सकाळी उपाशीपोटी कडू तूप. कडुनिंब, खैर असल्या कडू झाडांनी सिद्ध केलेलं ते हिरवट तूप गरम पाण्याबरोबर गिळायचं, आणि दिवसागणिक वाढवत न्यायचं. डोळ्यांतून पाणी यायचं. अंगाला करंजाचं तेल. त्या तेलाचा वास असा की कचेरीतला शिपाई माझ्या टेबलाशी आला की खिडकी उघडायचा. खाजवायचं तर अजिबात नाही. "खाजवणं म्हणजे त्याला आवतण देणं," बाई सांगायच्या. "जिथं ओरखडा, तिथं नवा चट्टा. चिमटा नको, मार नको, घट्ट नाडीसुद्धा नको." आणि दर खेपेला न चुकता: "सांधे सुजले, सकाळी बोटं वळेनाशी झाली, तर माझी वाट बघायची नाही. अंगभर लाल होऊन ताप आला तरी नाही. थेट मोठ्या दवाखान्यात. कळलं?"

होळीच्या आधी त्यांनी मला जव्हारच्या आपल्या दवाखान्यात बोलावून वमन दिलं. वमन म्हणजे साध्या भाषेत ओकाऱ्या काढणं, पण ते इतक्या थाटात असतं की लग्नाची तयारी काय तशी. आधी ठरावीक दिवस तूप, मग अंगाला तेल, वाफ, मग पहाटे उसाचा रस आणि काढे पोट फुटेस्तोवर पाजायचे. बाई एक हात माझ्या कपाळाला लावून, दुसऱ्या हातानं पाठ चोळत माझ्यापाशी उभ्या. मी ओकत होते आणि ओकता ओकता त्यांना शिव्या घालत होते. त्या म्हणत होत्या, "घाला, घाला, तेही बाहेर पडू द्या." पुढचे दिवस नुसती पातळ पेज, मग जरा घट्ट पेज, मग मऊ भात. मला वाटलं होतं, उठले की कातडी गुळगुळीत झालेली असेल. तसं काही झालं नाही. पण उन्हाळा लागता लागता पापुद्रे पातळ झाले, लाली फिकी पडली, डोकं साफ झालं. रात्री मला झोप लागायला लागली. नुसती झोप लागली म्हणून माणसाला एवढा आनंद होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण घरातलं तसंच होतं. साखरशेतच्या आमच्या घरात फडताळाच्या वरच्या फळीवर माझं ताट आणि माझा पेला वेगळा ठेवलेला असायचा. आईनं ठेवला होता. त्याच ताटात ती सगळ्यांत आधी वाढायची, सगळ्यांत जास्त वाढायची, आणि जेवण झालं की ते वेगळ्या राखेनं घासायची. माझी भावजय मनीषा खोडाळ्याची, अंगणवाडीत मदतनीस. ती काही बोलायची नाही. मी चुलीशी गेले की ती चुलीपासून उठायची, एवढंच. त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेलेले होते.

मे महिन्यात वैद्यबाई आमच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या पेशंटला बघायला आल्या आणि न सांगता आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आई लगबगीनं घासलेल्या तांब्यातून पाणी घेऊन आली. मे महिन्यातलं आमच्याकडचं पाणी म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. विहिरीच्या तळाशी वाटी लावून भरायचं आणि चढ चढून आणायचं. बाई म्हणाल्या, "ताईच्या हातचं द्या. आणि तिच्याच पेल्यातून." आई तिथंच थिजली. मी फळीवरचा माझा पेला काढला, भरून दिला. बाईंनी त्याला तोंड लावलं, दोन घोट प्यायल्या, आणि उरलेलं पाणी आंब्याच्या रोपाच्या बुंध्याशी ओतलं. आई मला नंतर म्हणाली, "एवढ्या कष्टाचं पाणी, तान नव्हती तर मागितलं कशाला?" मनीषा दारात उभी राहून बघत होती. ती मात्र पुढं आली आणि तिनं सरळ विचारलं, "बाई, माझ्या पोटातल्याला होईल का हे?"

आईनं बाईंकडे अशा नजरेनं बघितलं की नाही म्हणा, नाही म्हणा. मीही मनात तेच म्हणत होते. अंगणात घुटमळणारे बाईंचे पाय एकदम थांबले. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "दर वेळी होतंच असं नाही, बहुतेकदा होतही नाही. पण घराण्यातून येऊ शकतं. हातातून येत नाही, पाण्यातून येत नाही, ताटातून, पेल्यातून, मांडीवरून येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही." मला वाटलं, झालं. आता ही पोरगी माझी सावलीही बाळावर पडू देणार नाही. मनीषानं बाईंच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "आणि बाई, तुम्हाला खरंच एवढी तान लागते?" बाई म्हणाल्या, "लागते हो. तुम्हाला नाही लागत?" आणि स्कूटरला किक मारून निघून गेल्या.

बाळंतपणाला मनीषा माहेरी खोडाळ्याला गेली. मुलगी झाली. मी फोनवर फोटो बघितला आणि माझ्या हातांना काही सुचेना. मी एकटी राहणारी बाई, माझ्या लग्नाची बोलणी चट्ट्यांपाशी येऊन थांबलेली. या घरात मला आता मान म्हणून एकच उरला होता: मी आत्या होते. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. मी नावही काढून ठेवलं होतं, ओवी. कचेरीत फायलींवर वाकून मी ते ओठातल्या ओठात म्हणून बघायचे. आणि मग आईचा फोन आला. "बाय, तू ये बारशाला. पण मनीषाची आई म्हणते, बाळाला तुझ्या चुलतीच्या पोरीनं घेतलं तर बेस. नाव तूच निवडलेलं ठेवू. ती नुसती कानात सांगेल." थंडी पडली होती, आणि थंडीबरोबर माझ्या पेरांवर, कोपरांवर चट्टे जरा वर आले होते. कचेरीत सगळ्यांसमोर मी फोनवर "बरं" म्हटलं.

त्या दिवशी मी कचेरीतून अर्ध्या रजेवर निघाले. मोखाड्याच्या स्टँडवर उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. जव्हारची एसटी आली तशी चढले आणि थेट बाईंच्या दवाखान्यात गेले. पर्समधून मी नाशिकच्या पुडीचं एक पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते मी टाकून दिलं नव्हतं. "बारशापर्यंत घेते," मी म्हटलं. "हात साफ झाला की कोण काय म्हणणार? पुढचं पुढं." मला वाटलं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "घ्या," म्हणाल्या. "बाळ मांडीवर घ्याल. नाव सांगाल. महिन्यानं हे सगळं उसळून वर येईल, मागच्यापेक्षा जास्त. मग मनीषाची आई काय म्हणेल? लपवून पोरीला हात लावला म्हणेल. त्यानंतर तुम्हाला ती पोर जन्मात कुणी देईल?" मी रडत होते बहुतेक. त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि नळ सोडला. मी स्वतःच्या हातानं ती पूड मोरीत ओतली. पाणी पांढरं झालं आणि गेलं. "बारशाला मी येते," बाई म्हणाल्या. त्या आल्या की पाणी मागतील, सगळ्यांसमोर माझ्या हातचं पितील, मग बघू कोण काय बोलतं ते, असा हिशेब मी बसमध्ये बसून केला आणि जरा बरं वाटलं.

बारशाच्या दिवशी बाई आल्याच नाहीत.

मी खोडाळ्याच्या त्या घरातून रस्त्यावर जायचे, वळणाकडे बघायचे, परत आत यायचे. फोन लावला तर लागेना, घाटात रेंज कुठली? पाळणा फुलांनी सजवला होता. बायका जमल्या होत्या, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. चुलतबहीण नवी साडी नेसून पाळण्याशी बसली होती, आणि बिचारी माझ्याकडे बघत नव्हती. "बाय, बस की खाली, किती येरझाऱ्या घालशील!" आई म्हणाली. मी दाराला टेकून उभी राहिले, हात पदराखाली. मनीषाच्या आईनं म्हटलं, "चला, उशीर नका करू आता." तेवढ्यात मनीषा बोलली. हिरव्या चुड्यानं तिचे दोन्ही हात भरले होते. "थांब आई. मला तान लागलीय."

चुलतबहीण उठली. मनीषा म्हणाली, "तू नको. ताई देतील."

मला क्षणभर कळेना, मलाच म्हणते का. मग मी गेले. पदराखालून हात काढला. माठात पेला बुडवला, तिथवर जाऊन तिच्यापुढं धरला. घरातल्या सगळ्या बायका माझ्या पेरांकडे बघत होत्या. मनीषानं पेला घेतला, ओठांना लावला, सावकाश दोन घोट प्यायली, आणि अर्धा भरलेला पेला आपल्या आईच्या हातात दिला. मग म्हणाली, "हिची आत्या कोण हाय? घ्या की पोरीला." तिच्या आईनं तोंड उघडलं होतं, पण हातात पेला होता आणि तो ठेवायचा कुठं हेच तिला समजेना.

ओवी माझ्या हातात आली. गरम, हलकी, झोपेत ओठ हलवणारी. मी तिच्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. आता रीत अशी की आत्या वाकली, नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, गलका करतात. मी वाकून थांबले. पाठीवर काहीच पडलं नाही. कुणाचा हात उठेना. तो वेळ किती होता देव जाणे, मला तो माझ्या सगळ्या दुखण्याएवढा मोठा वाटला. आणि मग असा एक सणसणीत धपाटा बसला की मी पाळण्यावर आदळायचीच राहिले. काचेची बांगडी फुटल्याचा आवाज आला. "ही घ्या आत्या!" मनीषा म्हणाली. मग आईचा हात पडला. मग चुलतबहिणीचा. मग कुणाकुणाचे ते मला समजलं नाही. पाठ हुळहुळत होती आणि मी पोरीला छातीशी धरून मोठ्यानं हसत होते.

सगळं आटोपल्यावर वैद्यबाई आल्या. स्कूटर घाटात पंक्चर झालेली, बरंच अंतर चालत आलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा लाल. दारातच म्हणाल्या, "पाणी!" मी पाळण्याशी बसले होते, मांडीवर ओवी झोपली होती. मी म्हटलं, "बाई, माठ तिकडं आहे. घ्या ना हातानं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मांडीवरच्या पोरीकडे बघितलं, मग इतक्या मोठ्यानं हसल्या की ओवी जागी झाली. स्वतः गेल्या आणि पेल्यावर पेला घटाघटा प्यायल्या. त्या दिवशी त्यांना खरोखरच तहान लागली होती.

पुढच्या बाजाराला त्यांनी माझी पाठ बघितली. खांद्याखाली बोटभर लांब, बारीक, कमानदार ओरखडा होता आणि त्या ओरखड्यावर नेमका तसाच कमानदार चट्टा उठला होता. "हा कुठला? मी काय सांगितलं होतं? मार नको म्हणून!" मी म्हटलं, "मनीषाच्या बांगडीचा आहे. याला तेल लावणार नाही मी. राहू दे." बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या. त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं तेव्हाच बघितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लावा तेल. आठवणीला चट्टा कशाला हवा?" मी उठून माठाकडे वळले तर म्हणाल्या, "राहू द्या. आज तहान नाही."

आता बाई खोडाळ्याला येत नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, लेकीकडे राहायला गेल्या. त्यांच्या खोलीत मोबाईल रिचार्जचं दुकान झालंय, कोपऱ्यातला माठ गेला. महिन्या-दोन महिन्यांनी मी फोन करते. "बसता का आता?" विचारलं की म्हणतात, "बसवलंय मला." मला त्यांची फार आठवण येते. बाजारात गेले की पाय आपोआप त्या दाराकडे वळतात, आणि मग मी उगीच पलीकडच्या गाडीवर चहा पिते. जव्हारला आता दुसरे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. माझं दुखणं बरेचदा गप्प असतं. फळीवरचं माझं ताट कधी बाकीच्या ताटांत मिसळून गेलं ते आईनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

थंडी पडली की मात्र तो कमानदार चट्टा नेमका त्याच जागी परत येतो. माझा हात तिथवर पोचत नाही, म्हणून साखरशेतला गेले की ओवी तेल लावते. तिला तो प्रकार फार आवडतो. एक बोट बुडवून ती त्या रेषेवरून सावकाश फिरवते आणि म्हणते, "हा माझ्या नावाचा." मागच्या थंडीत असंच तेल लावून झालं, आणि मी तिचा हात धरून कोपर उजेडाकडे फिरवलं. मी हे नेहमी करते. कधी न्हाऊ घालताना, कधी फ्रॉक बदलताना. मनीषाही करते, मी बघितलंय. त्याबद्दल आम्ही एकमेकींशी बोलत नाही. कोपर स्वच्छ होतं. तरी माझा अंगठा तिथून निघेना.

"आत्या, काय बघतीस?" ओवी म्हणाली.

"काय नाय," मी म्हटलं. "तान लागलीय. जा, पाणी आण बघू."

ती पळत गेली. पेला भरला, निम्मा वाटेत सांडला, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिल्यावर आधी स्वतः दोन घोट प्यायली, मग उरलेलं मला दिलं.